कस्टम बेस गिटार: प्रत्येक महागड्या भागामागची जुनी अडचण

अलेम्बिक, वॉल, सॅडोव्स्की, फोडेरा ही कस्टम बेस घडवणाऱ्यांची नावं एका ओळीत ठेवून 'यातला सगळ्यात भारी बेस कुठला' असं विचारलं की चर्चा लगेच लाकूड, फिनिश आणि किमतीवर घसरते. पण हे चार बेस चार वेगळ्या अडचणी सोडवण्यासाठी घडले. कुणाला केबलमध्ये हरवणारा वरचा सूर परत हवा होता, कुणाला लुळी पडणारी खालची B तार आवरायची होती. ती अडचण माहीत नसेल तर टोनची तुलना म्हणजे निव्वळ आवडीनिवडीची बाब होऊन बसते.

सगळ्या मापांचं मूळ 1951 मध्ये आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांनी त्या वर्षी प्रिसिजन बेस आणला. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला भरीव बॉडीचा इलेक्ट्रिक बेस सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी 1930च्या दशकातच केला होता, पण तो फारसा पसरला नाही. फेंडरचा पसरला. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) 34 इंचांची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 20 फ्रेट, ॲशची बॉडी आणि तिला स्क्रूंनी जोडलेला मेपलचा नेक असा त्याचा साधा मामला होता. 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा, विजेची गुणगुण मारणारा पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) मिळाला. 1960 मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस आला. त्याचा नट 38 मिमीच्या आसपास, म्हणजे प्रिसिजनपेक्षा बराच अरुंद. 34 इंच स्केल आणि ब्रिजवर दोन तारांमधलं साधारण 19 मिमी अंतर हीच आजही तुलनेची पट्टी आहे. कुठलाही कस्टम बेस हातात घेतला की हात नकळत याच मापांशी ताडून पाहतो.

या रचनेत काही दोष अंगभूतच होते. सर्वांत जुना म्हणजे डेड स्पॉट. G तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर छेडला की तो नीट सुरू होतो आणि शेजारच्या सुरांच्या मानाने फार लवकर विझतो. यात तारेचा किंवा फ्रेटचा दोष नसतो. लांब नेक आणि त्याच्या टोकाचं खुंट्यांचं जड हेडस्टॉक यांची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा सूर तिच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा नेक शोषून घेतो. हेडस्टॉकला एखादा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की डेड स्पॉट एखाद्या फ्रेटने सरकतो. यावरून कारण नेकमध्येच आहे हे ताबडतोब कळतं. दुसरा दोष जॅझ बेसचा. दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले तर गुणगुण मरते, एक जरा कमी केला की परत येते. तिसरा दोष असा की पिकअप हाय-इम्पिडन्स (विजेला जास्त अडथळा करणारा) असल्यामुळे लांब केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) वरचे सूर खाते.

1965च्या जानेवारीत अमेरिकी प्रसारण कंपनी सीबीएसने 1 कोटी 30 लाख डॉलरना फेंडर विकत घेतली. 1970च्या दशकातल्या फेंडरमध्ये नेकची बैठक आणि बॉडीचं वजन नगागणिक बदलत गेलं. ज्यांचं पोट बेसवर होतं, त्या वादकांना एकट्या कारागिराकडे जाण्याचं कारण मिळालं ते इथे.

सॅन फ्रान्सिस्को परिसरात 1969 मध्ये ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या ध्वनिव्यवस्थेभोवती अलेम्बिक उभी राहिली. ऑस्ली स्टॅन्ली, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे रॉन विकरशॅम आणि लुथिअर (तंतुवाद्य घडवणारे कारागीर) रिक टर्नर ही त्यामागची माणसं. त्यांनी सुरुवात लाकडापासून न करता केबलपासून केली. पिकअप लो-इम्पिडन्स ठेवायचा आणि सिग्नल गिटारमध्येच प्रीॲम्पने (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या सर्किटने) उचलायचा, म्हणजे केबल कितीही लांब असली तरी वरचा सूर शाबूत राहतो. 1972 मध्ये जेफरसन एअरप्लेन या बँडच्या जॅक कासाडी यांच्यासाठी घडवलेल्या बेसचा क्रमांक 72-01. पुढे ज्या सीरिज बेसमुळे नाव झालं, त्यात दोन सिंगल-कॉइल पिकअपच्या मधोमध तिसरं, तारेचा आवाज न पकडणारं कॉइल बसवलेलं असतं. त्याचं काम फक्त गुणगुण रद्द करणं. त्यामुळे पिकअपचा तोल कसाही ठेवा, जॅझ बेससारखी गुणगुण परतत नाही. वीजपुरवठा पाच पिनांच्या केबलने बाहेरच्या डब्यातून येतो. टोनचा नॉब म्हणजे लो-पास फिल्टर, ठरावीक मर्यादेच्या वरचे सूर कापणारा, आहे. तो जिथे कापतो तिथेच Q स्विचने उभार देता येतो, आणि म्हणून नॉब जेमतेम हलवला तरी आवाजाचा स्वभाव बदलतो. ट्रेबल-बेसच्या नॉबांची सवय असलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत हा बेस 'कडक' ठरवून खाली ठेवतो, आणि ते या वाद्यावर अन्याय करणारं आहे. बेसवादक स्टॅन्ली क्लार्क यांनी 30¾ इंच स्केलच्या अलेम्बिकवर जे काम केलं, त्याने बेस हे पुढे येऊन वाजवण्याचं वाद्य आहे हे दाखवून दिलं.

अलेम्बिकने दुसरी गोष्ट रूढ केली ती नेक-थ्रू बांधणी. मेपल आणि पर्पलहार्टच्या पट्ट्या चिकटवून केलेला नेक बॉडीच्या तळापर्यंत सलग जातो आणि बाजूला पंख चिकटवले जातात. वरच्या फ्रेटपर्यंत हात अडत नाही, हा निखळ फायदा. मात्र पितळी ब्लॉक आणि जड लाकूड यांमुळे वजन सहज पाच किलोंपर्यंत जातं, आणि नेक पिळला गेला तर बोल्ट-ऑनसारखा, म्हणजे स्क्रूंनी जोडलेल्या नेकसारखा, बदलता येत नाही. नेक-थ्रू म्हणजे डेड स्पॉट नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. पट्ट्या जोडल्यामुळे नेक ताठ होतो आणि डेड स्पॉट सरकतो किंवा सौम्य होतो, नाहीसा होईलच असं नाही.

इंग्लंडमध्ये हाय विकम इथे इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स यांनी फिल्टरचीच कल्पना वेगळ्या वाटेने नेली. वॉलच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र कॉइल असतात आणि प्रत्येक पिकअपला स्वतःचा लो-पास फिल्टर मिळतो. एक पिकअप दबका, दुसरा उघडा ठेवून ते मिसळले की मधल्या पट्टीत जो बोलका, जरासा नाकातला आवाज येतो, तो इतर प्रीॲम्पवर ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारे नॉब) फिरवून पुरता सापडत नाही.

याच सुमारास, 1976 मध्ये, लिओ फेंडर यांच्या नव्या म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीॲम्प कारखान्यातल्या बेसमध्ये पोहोचला. तेव्हापासून 'ॲक्टिव्ह' हा शब्द दुकानातल्या चिठ्ठीवर आला. त्यासोबत आलेला त्रासही कायमचा आहे. बॅटरीचा स्विच जॅकमध्येच असतो, म्हणून वाजवून झाल्यावर केबल बेसमध्ये खोचलेली राहिली तर बॅटरी संपते. संपत आलेली बॅटरी आधी जोरदार सुरांवर फाटका आवाज देते आणि मग अचानक गप्प होते. म्हणून महागड्या बेसवर प्रीॲम्प वगळणारा पॅसिव्ह स्विच आहे का हे पाहणं चैनीत मोडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्स्की यांनी 1979 मध्ये दुकान थाटलं. त्यांचा मार्ग दुरुस्तीतून गेला. बेसवादक मार्कस मिलर यांच्या 1977च्या जॅझ बेसमध्ये त्यांनी प्रीॲम्प बसवला आणि स्टुडिओतल्या लोकांना तो आवाज हवाहवासा झाला. 1970च्या दशकातल्या जॅझ बेसवर ब्रिजकडचा पिकअप आधीपेक्षा साधारण 10 मिमीने ब्रिजकडे सरकलेला असतो. एवढ्याशा अंतराने दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) जास्त चमकतो, आणि फक्त मागचा पिकअप वाजवला तर आवाज बारीक होतो. 'साठीचं की सत्तरीचं अंतर' हा कस्टम ऑर्डरमधला प्रश्न त्यातूनच उरला आहे. सॅडोव्स्कीचा स्वतःचा प्रीॲम्प फक्त वाढवतो, कापत नाही: खाली 40 हर्ट्झ, वर 4 किलोहर्ट्झ. दोन्ही नॉब शून्यावर म्हणजे सपाट. दुसऱ्या बेसवर नॉब मधल्या खाचेत ठेवतात त्याच सवयीने इथे अर्ध्यावर ठेवले, तर तुलना सुरू होण्याआधीच बिघडलेली असते.

पाचव्या आणि सहाव्या तारेची कथा सर्वांत जास्त खोलात जाण्यासारखी आहे, कारण आजच्या कस्टम बेसची बहुतेक अंगं तिच्यातून फुटली. बेसवादक अँथनी जॅक्सन यांना B-E-A-D-G-C अशा सहा तारा हव्या होत्या. कारागीर कार्ल थॉम्सन यांनी 1975 मध्ये तो बेस न्यूयॉर्कमध्ये करून दिला, पण तारांमधलं अंतर कमी पडलं. साधारण त्याच काळात जिमी जॉन्सन यांनी पाच तारांच्या अलेम्बिकवर वरच्या C ऐवजी खालची B चढवली. मोकळी B म्हणजे 30.87 हर्ट्झ, E असते 41.2. चार तारांच्या मापात ही तार लुळी पडते. 34 इंचांवर .130 इंच जाडीच्या B तारेचा ताण 15-16 किलोंच्या आसपास राहतो, तर .105च्या E तारेचा 18 किलोंच्या. नुसती तार जाड करून भागत नाही. जाड तार ताठ होते, तिचे वरचे स्वरांश मूळ सुराशी जुळत नाहीत, आणि बाराव्या फ्रेटपुढे सूर कुठला ते कळेनासं होतं.

दुसरा उपाय स्केल वाढवण्याचा. तीच तार, तोच सूर ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 34 वरून 35 इंच केले की ताण सुमारे 6 टक्के वाढतो, 36 केले की 12 टक्के. जॅक्सन पुढे केन स्मिथ या कारागिराकडे गेले, आणि तिथे काम केलेले विनी फोडेरा यांनी जोई लॉरिसेला यांच्यासह 1983 मध्ये ब्रुकलिनमध्ये फोडेरा सुरू केल्यावर त्यांच्याकडे. तिथे घडलेल्या त्यांच्या सहातारी बेसची स्केल 36 इंच, आणि पुढे बॉडीचा वरचा भाग नेकला बराच पुढेपर्यंत धरून ठेवणारा सिंगल-कट आकार आला. तो आकार आज सौंदर्यासाठी मागवला जातो, पण त्याचं काम नेकचा मोकळा भाग आखूड करून तो ताठ करणं हे होतं. याचा मोबदला डाव्या हाताला द्यावा लागतो. 36 इंचांवर पहिल्या चार फ्रेटवरचा पसारा मोठा होतो आणि लहान पंजाच्या वादकाचं मनगट तासाभरात दुखतं.

कॅनडातल्या सास्काटूनचे शेल्डन डिंगवॉल यांनी राल्फ नोवाक यांची पंख्यासारख्या फ्रेटची पद्धत बेसवर आणली: B साठी 37 इंच, G साठी 34. B चा ताण 34 इंचांच्या मानाने 18 टक्क्यांनी जास्त, आणि वरच्या तारा मात्र नेहमीच्याच. बोटांना तिरक्या फ्रेटची सवय वाटतं त्यापेक्षा लवकर होते.

नेकचं लाकूडच काढून टाकण्याचा विचारही जुनाच. अंतराळ उद्योगातून आलेले जॉफ गुल्ड यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस कार्बन फायबरचे नेक केले आणि त्यातून मॉड्युलस ही कंपनी झाली. नेड स्टाइनबर्गर यांनी आधी स्टुअर्ट स्पेक्टर यांच्यासाठी पोटाला बसणारी वळणदार बॉडी आखली आणि मग हेडस्टॉकच काढून टाकला. ताठ नेकची कंपनसंख्या तारेच्या सुरांपासून दूर जाते, म्हणून हे बेस जवळपास डेड स्पॉटविना वाजतात. आज लाकडी नेकमध्ये बसवलेल्या दोन ग्रॅफाइट पट्ट्या हा त्याचाच मवाळ वारसा.

लाकडाबद्दल एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. ब्राझिलियन रोजवूड दुर्मीळ झाल्यावर फिंगरबोर्डसाठी (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) इंडियन रोजवूड आलं, ते म्हणजे सह्याद्रीत वाढणारी आपली शिसव. वाड्यातलं शिसवी कपाट आणि कित्येक नामांकित बेसचा फिंगरबोर्ड एकाच जातीच्या झाडाचे आहेत. 2 जानेवारी 2017 पासून शिसव ज्यात मोडते त्या डालबर्जिया प्रजातीच्या व्यापारावर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले आणि वाद्यांना कागदपत्रं लागू लागली. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूड मात्र 1992 पासून कडक यादीत आहे आणि तिथेच आहे. 2017 ते 2019 या मधल्या काळातल्या बेसवर पाउ फेरो, एबनी किंवा मेपल दिसतो तो यामुळे. भरीव बॉडीच्या बेसमध्ये फिंगरबोर्डच्या लाकडाने टोनमध्ये पडतो तो फरक पिकअपची जागा, तारा आणि नेकचा ताठपणा यांच्या मानाने लहान आहे.

दोन बेस शेजारी ठेवून पाहायचे असतील तर दोघांवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या, सारख्याच वापरलेल्या तारा हव्यात. नव्या स्टीलच्या तारा जुन्या निकेलसमोर नेहमीच जिंकतात. प्रीॲम्प सपाट किंवा पॅसिव्ह ठेवा, दोन्ही एकाच डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडणारा डबा) घ्या आणि आवाजाची पातळी जुळवा, कारण जरा मोठा वाजणारा बेस कानाला चांगलाच वाटतो. नेकची बाक आधी मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाबला की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) 0.3 मिमीच्या आसपास फट हवी. सतराव्या फ्रेटवर E तार 2.4 मिमी आणि G तार 2 मिमी उंच. मग G तारेवर तिसऱ्या ते नवव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोराने छेडून शेवटपर्यंत ऐका. मोकळी B ऐकून समाधान मानू नका. तीच तार बाराव्या फ्रेटवर ऐका. बेस पट्ट्यावर लटकवून डावा हात सोडा. वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या पुष्कळ अलीकडेच संपत असेल तर नेक खाली झुकेल. स्लॅप करणाऱ्यांनी फ्रेटची संख्याही पाहावी. 34 इंचांवर फिंगरबोर्ड 20 फ्रेटला संपला तर विसाव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत 27 सेमी जागा राहते, 24 फ्रेट असतील तर साडेएकवीस, आणि पिकअपही त्यातच मावायचे असतात.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये दमटपणाने लाकडी नेक हलतो. थंडीत पुण्या-नागपुरात सेट केलेला बेस किनारपट्टीवर पावसाळ्यात उचलला की तारा फार उंच किंवा खडखडणाऱ्या निघतात. ट्रस रॉड (नेकची बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरा फिरवा, तारा सुरात लावा, रात्रभर थांबून पुन्हा मोजा. फ्रेटवरचा खडखडाट ब्रिजच्या सॅडल (तार टेकते ते तुकडे) उंचावून लपवला तर वरच्या फ्रेटची ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, हाताबाहेर जाते. ग्रॅफाइट नेकला दमटपणाची फिकीर नाही, पण सुरुवातीच्या अशा बऱ्याच नेकमध्ये ट्रस रॉडच नव्हता. तशा जुन्या बेसवर .105 ऐवजी .100चा संच चढवायचा असेल तर आधी बाक मोजून घ्या, कारण नंतर ती बदलण्याचा मार्ग म्हणजे फ्रेट घासून घेणं एवढाच.