लाकडी जहाज आणि चुकलेला नकाशा

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडतात. परवा एक काका होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत होते. शेजारी बसून मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि फोन लोखंडी नांगराजवळ नेला. सुई भरकटली.

"फोन बिघडला काय?"

बिघडला नव्हता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंड स्वतःही थोडं चुंबक बनतं. पोलादी जहाज म्हणजे तर हजारो टनांचा नांगरच. ते वरून गेलं की तिथलं क्षेत्र किंचित बदलतं आणि युद्धात शत्रूने समुद्राच्या तळाशी पेरलेला सुरुंग तेवढ्यावर फुटतो. जहाजाने त्याला शिवावंही लागत नाही. नोव्हेंबर १९३९मध्ये असा एक जर्मन सुरुंग इंग्लंडमध्ये शूबरीनेसला, अशाच ओहोटीच्या चिखलात, उघडा पडला. ब्रिटिश नौदलाच्या जॉन ऑव्हरींनी तो हातांनी खोलला, तेव्हा कुठे त्याचं गुपित कळलं.

म्हणून सुरुंग काढायला जाणारी जहाजं लाकडाची बांधू लागले. अमेरिकी नौदलाचं 'गार्डियन' हे माइनस्वीपर १९८९मध्ये दाखल झालं. लांबी ६८ मीटर, लाकडाच्या थरांवर फायबरग्लासचं आवरण. (आपल्या होड्यांना लोखंडी खिळे असतात, ते इथे चालत नाहीत.)

१७ जानेवारी २०१३ला मध्यरात्रीनंतर ते फिलिपिन्सच्या सुलू समुद्रात, तुब्बाताहाच्या प्रवाळखडकावर चढलं. डिजिटल नकाशात खडक सुमारे ८ सागरी मैल, म्हणजे जवळपास १५ किलोमीटर, भलतीकडे दाखवला होता. ठाणे स्टेशन वाशीत दाखवावं, इतकी चूक! ७९ जणांना सुखरूप उतरवलं. पण सुरुंगांपासून वाचवणारं लाकूड खडकावर टिकेना. लाटा जहाज आपटत राहिल्या, फळ्या फुटल्या, पाणी शिरलं. ओढून काढलं असतं तर तुकडे झाले असते, म्हणून तिथेच कापून क्रेनने भाग उचलले. मार्चअखेर काम संपलं. सुमारे २,३४५ चौरस मीटर प्रवाळाची नासाडी झाली. अमेरिकेने ८ कोटी ७० लाख पेसो भरपाई दिली.

काकांनी सगळं ऐकलं. कापसाची पुढची वात वळत विचारलं, "तिथं दिवा नव्हता काय?"

होता. नौदलाच्याच चौकशीत ठपका आला, की एकाच नकाशावर विसंबून बाकीच्या खुणांकडे काणाडोळा झाला.