मेणसाच्यातील घरगुती अ‍ॅल्युमिनियम ओतकाम: दोष व उपाय

मेणाचा किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेला नमुना प्लास्टर-सिलिकाच्या लगद्यात बुडवायचा, लगदा घट्ट झाला की भट्टीत नमुना जाळून काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले अ‍ॅल्युमिनियम ओतायचे, अशी ही पद्धत. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात, त्यावरून या जुन्या तंत्राचे नाव मधूच्छिष्टविधान.

वस्तू बिघडली की धातू पुरेसा तापला नव्हता असे धरून पुढच्या खेपेला भट्टी आणखी फुंकली जाते. बहुतेक वेळा त्याने बिघाड वाढतोच. आधी बिघडलेली वस्तू करवतीने मधोमध कापून पाहावी. छिद्रे गोल व आतून गुळगुळीत असतील तर दोष वायूचा. वेडीवाकडी, खरखरीत पोकळी असेल तर आकुंचनाचा.

वायू म्हणजे इथे हायड्रोजन, आणि तो येतो पाण्यातून: ओलसर भंगार, कच्ची सुकलेली मूस, ज्वालेतली वाफ, अर्धवट भाजलेला साचा. द्रव अ‍ॅल्युमिनियममध्ये घन स्थितीच्या कितीतरी पट हायड्रोजन मावतो. गोठताना तो बाहेर पडू पाहतो आणि बुडबुडे अडकतात. तापमान वाढेल तसा तो अधिक शोषला जातो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, ७५०° से.च्या पुढे नेण्याची गरज सहसा पडत नाही. भंगार मुशीत टाकण्यापूर्वी तापवून कोरडे करणे सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे, कारण ओला तुकडा द्रव धातूत बुडाला तर स्फोट होतो.

गोठताना धातू आकारमानाने सुमारे ६ ते ७ टक्के आकसतो. म्हणून जाड भागाला त्याहून जाड रायझर (आकसणाऱ्या भागाला द्रव धातू पुरवणारा साच्यातला जादा साठा) हवा, जो सर्वांत शेवटी गोठेल. काटकसर म्हणून बारीक ठेवलेला रायझर निव्वळ शोभेचा.

ओतण्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ जॉन कॅम्बेल यांच्या मते साच्यात शिरणाऱ्या धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपलीकडे गेला की पृष्ठावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दुमडून आत जातो. जेमतेम १३ मिलिमीटर उंचीवरून पडणारी धारही हा वेग गाठते! त्यामुळे पोकळी खालून भरेल अशी वाट ठेवणे बरे.

पृष्ठावर धातूचे मणी दिसले तर लगद्यातली हवा निघालेली नाही. व्हॅक्यूम नसेल तर पहिला थर ब्रशने लावावा. खळगे दिसले तर बहुधा पीएलएची (थ्रीडी प्रिंटरच्या नमुन्यातल्या प्लास्टिकची) राख उरली आहे. भाजताना भट्टीत हवा खेळती हवी.

भंगारच वापरायचे तर खिडक्यांच्या पट्ट्यांपेक्षा फुटलेले इंजिन-कव्हर घ्यावे. त्यातल्या सिलिकॉनमुळे धातू बारीक कोपऱ्यांत सहज धावतो.