किडनी चांगलीच होती, मावशी

"माझीच किडनी नासकी निघाली का वो?" छत्रपती संभाजीनगरला वॉर्डाबाहेरच्या बाकावर एका आईने मला विचारलं. केजकडची बाई. २४ वर्षांच्या लेकाला तिने किडनी दिली होती. क्रिएटिनिन (किडनी न गाळल्यामुळे रक्तात साठणारा कचरा) उतरलं, घरी पेढे वाटले, आणि चौथ्या दिवशी लघवीला पुन्हा तोच फेस.

किडनी नासकी नव्हती. मुलाचा मूळ आजार एफएसजीएस, म्हणजे किडनीच्या चाळण्या खराब होऊन लघवीतून प्रथिनं गळण्याचा आजार; फेस त्याचाच. एका किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म चाळण्या असतात. त्यांच्यावर पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांत बोटं गुंफल्यासारख्या बसतात, म्हणून रक्तातली प्रथिनं गळत नाहीत. या आजाराच्या एका प्रकारात रक्तातलंच काहीतरी ही गुंफण सोडवतं. बोअरला वाळू येत असेल तर ठिबकचा नवा फिल्टरही टिकत नाही, तसंच हे. ते 'काहीतरी' पूर्ण उलगडलेलं नाही. पण काही रुग्णांत, त्या गुंफणीतल्या फटी राखणाऱ्या नेफ्रिन या प्रथिनावर उलटलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली आहेत.

दोष रक्ताचा, किडनीचा नाही, याचा पुरावा शिकागोत मिळाला. २०११ साली तिथे २७ वर्षांच्या तरुणाला बहिणीची किडनी बसवली. त्याचाही आजार एफएसजीएसच. दोनच दिवसांत लघवीतून प्रथिनं वाहू लागली, उपचार लागू पडेनात. चौदाव्या दिवशी ती काढली आणि भावंडांच्या संमतीने, मधुमेहाने किडन्या गेलेल्या ६६ वर्षांच्या गृहस्थाला बसवली. तिथे ती लगेच कामाला लागली. बायोप्सीत दिसलेली इजासुद्धा भरून आली!

म्हणून उपचारही रक्तावरच. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये रक्त यंत्रातून फिरवून त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा पातळ भाग, वेगळा काढतात आणि बदली अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा दात्याचा प्लाझ्मा देतात. काढलेला प्लाझ्मा पिशवीत साठतो, पातळ हळदीच्या पाण्यासारखा. एका बैठकीने भागत नाही. जोडीला बऱ्याचदा रिटुक्सिमॅब हे औषध देतात. ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची मूळ फळीच कमी करतं. कुणाचा आजार पूर्ण शमतो, कुणाचा अर्धवट, कुणाचा अजिबात नाही. जंतुसंसर्गाची भीती असतेच. तरी दिवस महत्त्वाचे असतात, म्हणून अशा रुग्णाची लघवी पहिल्या दिवसापासून तपासायची.

आपल्याकडची खरी अडचण याच्या आधीची आहे. माणूस डायलिसिसपर्यंत येतो तोवर किडन्या आकसलेल्या असतात, बायोप्सीतून फारसं कळत नाही आणि मूळ आजार कागदावर 'माहीत नाही' असाच राहतो. पण नव्या किडनीत आजार परतेल का, हे मूळ आजारावरच ठरतं. आयजीए नेफ्रोपॅथी हा किडनीचा दुसरा आजार परतला तरी सहसा सावकाश, वर्षांनी. जनुकदोषातून आलेला एफएसजीएस क्वचितच परततो. आणि रक्तदोषाचा एफएसजीएस सुमारे तिघांतल्या एकात परततो, कधी काही तासांत. त्यामुळे लहानपणी अंगावर सूज आली होती तेव्हाचे रिपोर्ट, स्टेरॉइडच्या चिठ्ठ्या, जुनी बायोप्सी, सगळं जपून आणा. पत्र्याच्या पेटीतला तो एक कागद डॉक्टरांना आधीच सावध करू शकतो.

शिकागोची गोष्ट मी मावशींना सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मंग त्या पोरीची चांगलीच होती की."

"तुमचीही," मी म्हणालो. आत लेकाची पाचवी बैठक चालू होती.