तिसऱ्या कोणत्या कुळातल्या? पाकीट उघडण्याआधी थोडं वाचा

आमच्या पाकिटावर ‘तिसऱ्या’ (वाळूतल्या खाण्याच्या शिंपल्या) या शब्दाखाली शास्त्रीय नावही छापलेलं असतं. बाजारात तिसऱ्या म्हणून एकाहून जास्त जाती विकल्या जातात आणि गावागणिक नावं बदलतात. आपण काय खातो आहोत हे ग्राहकाला नीट कळावं, म्हणून हा खटाटोप.

अंगावर आडव्या बारीक वळ्या असलेली पॅफिया मलबारिका आणि गुळगुळीत, चकचकीत मेरेट्रिक्स, दोन्ही व्हेनेरिडी कुळातल्या. राफिनेस्क यांनी 1815 साली मांडलेल्या या कुळात आज 500हून अधिक जाती आहेत. जेवण झाल्यावर रिकामी शिंपी आतून पाहा. बिजागरीपाशी तीन मुख्य दात दिसतील. शिंपीच्या आत कडेलगत जी रेषा दिसते, तिला मागच्या बाजूने खाच असते. तिथे पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्या आखडून बसतात. खाच उथळ असेल तर नळ्या आखूड, म्हणजे प्राणी वाळूत फार खोल जात नाही.

वर्गीकरण अजून बदलतं आहे. पॅफिया मलबारिकाला आता प्रोटापेस गॅलस म्हणतात. नव्या पाकिटांवर हे नाव दिसलं तरी माल तोच आहे. केरळात अष्टमुडीच्या खाडीत हीच जात काढतात. 2014 साली तिथल्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

कुळ कळलं की साफसफाईही कळते. तिसऱ्या वाळूत राहतात, म्हणून पोटात रेती असते. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ घालून पसरट भांड्यात दोन-तीन तास ठेवा. गोड्या पाण्यात ठेवू नका, त्यात त्या तोंड मिटून घेतात आणि रेती आतच राहते. हिरवे शिणाणे मायटिलिडी कुळातले. ते धाग्यांनी खडकाला धरून राहतात, त्यांचे धागे ओढून काढावे लागतात. आर्सिडी कुळातल्या उभ्या जाड रेघांच्या शिंपल्यातून लाल पाणी निघालं तर घाबरू नका, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच असतं.

एकशिपीसाठी (एका शिंपीतच मांस ठेवून करायच्या पदार्थासाठी) तिसऱ्या विळीवर उघडताना एखादी आधीच वासलेली दिसली तर टिचकी मारा. मिटली नाही तर टाकून द्या. शिजवूनही न उघडलेली खाऊ नका. कोळंबी, खेकडा किंवा शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी यातलं काहीच घेऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.