पदवी पातळीवरील संशोधन

पदवी पातळीवरील संशोधन : पहिल्या पदवीचे शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले संशोधन. प्रॅक्टिकलचे उत्तर जर्नलमध्ये आधीच ठरलेले असते. इथे ते मार्गदर्शकालाही ठाऊक नसते.

अमेरिकेत एमआयटीने १९६९ मध्ये तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने या कामाला संस्थात्मक रूप दिले. महाराष्ट्राची घडण निराळी. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले : महाविद्यालयांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या. पुढे संशोधनासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५), पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) अशा स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. परिणामी पोरे एकीकडे आणि उपकरणे दुसरीकडे. म्हणून आपल्याकडे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला संशोधन करायचे तर बहुधा सुट्टीत, आणि तेही कॉलेजबाहेर जाऊन करावे लागते.

ही दरी सांधण्याचे काही प्रयत्न टिकले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम २००४ पासून चालतो. त्यात शिबिरातून निवडलेले विद्यार्थी पुढच्या सुट्ट्यांमध्ये येऊन प्रकल्प पुरा करतात. टाटा संस्था आणि पुण्याचे आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बोलावतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यावृत्ती आहे. मात्र रुग्णांना साधी प्रश्नावली द्यायची तरी आधी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते आणि ती लांबली की वेळापत्रक कोलमडते. राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने होते. पोस्टरसमोर उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देण्याचा पहिला अनुभव अनेकांना तिथेच मिळतो.

प्रवेशाचा नेहमीचा मार्ग म्हणजे प्राध्यापकांना गाठणे किंवा मेल करणे. ‘मला आपल्या हाताखाली काम करायचे आहे’ एवढाच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर उत्तर येत नाही. त्या व्यक्तीचा एखादा लेख वाचून त्यातली न कळलेली जागा नेमकेपणाने विचारली, तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. गुणांपेक्षा सलग वेळ देण्याची तयारी पाहिली जाते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुरुवात काचसामान धुणे, मीडिया (सूक्ष्मजीव वाढवायचे पोषक माध्यम) बनवणे, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) लावणे यानेच होते. हे हलके काम समजणारे लवकर गळतात. प्लेटवर बुरशी आली, तर ती फेकण्याआधी तारीख आणि बॅच वहीत टिपून ठेवावी लागते. चूक पाण्यात होती की हातात, हे त्या नोंदीवरूनच कळते. वहीतली नोंद पेनने असावी, आणि चुकलेला आकडा एका रेघेने, वाचता येईल असा खोडावा, हा तिथला पहिला धडा.

मानव्यविद्यांकडे या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही, हे खटकते. मोडी वाचता येणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तर किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) इथले कागद थेट वाचता येतात. त्याला महागडे उपकरण लागत नाही. लागतो तो मोडीचा सराव, आणि शकवर्ष व फसली सनाची (जुन्या महसुली वर्षाची) तारीख इसवी सनात बसवण्याची चिकाटी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर संशोधन अभ्यासक्रमातच आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेऊ शकतो. त्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिट) प्रबंध असतो. जिथे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि चालू प्रयोगशाळा आहे तिथेच या तरतुदीला अर्थ उरतो. एरवी तिचे ‘ब्लॅक बुक’ होते : सोनेरी अक्षरांचे काळे पुठ्ठे, सिनियरचा जुना प्रकल्प, बदललेले नाव आणि पाच मिनिटांचा व्हायवा. पैसे भरले की लेख छापणारी नियतकालिकेही याच गरजेवर पोसली जातात.

श्रेयाचा प्रश्न मात्र बहुतेक जण शेवटी काढतात. मोजमाप केले, विश्लेषण केले, लिखाणात हात लावला, तर लेखकांत नाव असावे. नुसती मदत केली असेल तर आभारात. हे सगळे, काम सुरू होतानाच, मार्गदर्शकाशी बोलून घेण्यात विद्यार्थी संकोचतात, आणि लेख छापून येतो तेव्हा ते बहुधा कॉलेज सोडून गेलेले असतात.