प्रादेशिक सैनिकांची परदेशातील युद्धसेवा

पोटापाण्याची नोकरी किंवा धंदा सांभाळून वर्षातला थोडा काळ लष्करी सेवा करणाऱ्या सैनिकाला परदेशातील प्रत्यक्ष लढाईत पाठवावे का, पाठवायचे तर कोणाच्या हुकमाने, किती काळासाठी आणि मागे राहिलेल्या घराला कोणती हमी देऊन, यासंबंधीचा कायदेशीर व नैतिक प्रश्न. भारतात हा प्रश्न प्रामुख्याने प्रादेशिक सेनेपुरता येतो. बोलीत तिला टेरिटोरियल आर्मी किंवा नुसते ‘टीए’ म्हणतात.

ठाणे आणि नवी मुंबईत या सेनेविषयी बराच गोंधळ आढळतो. गणपतीच्या मिरवणुकीत बंदोबस्ताला उभा असलेला होमगार्ड, राज्य राखीव पोलीस बलाचा जवान आणि टीएचा सैनिक यांना लोक एकाच माळेत ओवतात. होमगार्ड ही १९४६ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात उभी राहिलेली स्वयंसेवी संघटना असून ती राज्याच्या कायद्याखाली चालते. राखीव पोलीस दलाच्या नावात ‘राखीव’ असले तरी तिथला जवान पूर्णवेळ पोलीसच असतो. टीएचा सैनिक मात्र सेवेवर असताना भारतीय लष्कराचा घटक असतो आणि त्याला लष्कराचा कायदा लागू होतो. त्यामुळे परदेशी रणभूमीचा प्रश्न या तिघांपैकी त्याच्याच वाट्याला येतो.

स्थापना व स्वरूप

ब्रिटिश काळात १९२० च्या कायद्याने ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’ उभारण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा प्रादेशिक सेना कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते सेनेचे उद्घाटन झाले. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे ब्रीद. भरतीचे वय १८ ते ४२ वर्षे, आणि मुख्य अट अशी की उमेदवाराला स्वतःचे उत्पन्नाचे साधन हवे. पायदळाच्या बटालियनांखेरीज तेल आणि रेल्वे यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांची विभागीय युनिटे आणि पर्यावरण बटालियनाही आहेत. महाराष्ट्रात पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न बटालियना परिचित आहेत. महेंद्रसिंह धोनी यांना २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नलपद मिळाल्यापासून टीएचे नाव घरोघरी पोहोचले. पण मानद पद आणि बर्फात चौकी राखणारा शिपाई यांच्यात फार मोठे अंतर आहे.

‘अर्धवेळ’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. कागदावर वर्षाला सुमारे दोन महिन्यांचा कॅम्प असतो. प्रत्यक्षात पायदळाच्या बटालियना जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारतासाठी ‘एम्बॉडी’ केल्या जातात, म्हणजे सलग सेवेवर बोलावल्या जातात. मग शिपाई दोन-दोन, तीन-तीन वर्षे घराबाहेर असतो. ‘एम्बॉडी’ आणि ‘डिसएम्बॉडी’ हे दोन शब्द टीएच्या घरांत पगार आणि सुट्टी इतक्याच सहजतेने बोलले जातात. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी शिपायाला अशी १५ आणि अधिकाऱ्याला २० वर्षांची सलग बोलावणीची सेवा साठवावी लागते.

कायद्यातील तरतूद

या विषयाचा गाभा कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण अथवा विशेष आदेशाखेरीज कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा सैनिकाला भारताच्या हद्दीबाहेर लष्करी सेवा करायला भाग पाडता येणार नाही, असे ते सांगते. वाक्याची सुरुवात नकाराने आहे, ही गोष्ट महत्त्वाची. १९४८ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घर राखणारी सेना होती आणि हद्दीबाहेर जाणे हा अपवाद होता. पण त्या अपवादाला त्यांनी कुंपण घातले नाही. युद्ध जाहीर झालेले असावे, संयुक्त राष्ट्रांचा ठराव असावा, संसदेची संमती घ्यावी, सैनिकाला विचारावे, अमुक महिन्यांत परत आणावे, यांपैकी एकही अट त्या वाक्यात नाही. दार बंद आहे, किल्ली एकट्या सरकारच्या खिशात आहे. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते कायद्यातली खरी उणीव हीच आहे.

हे दार एकदा उघडले आहे. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि मार्च १९९० पर्यंत तिथे राहिली. शांतता राखायला गेलेल्या या सैन्याला काही आठवड्यांतच तमिळ वाघांशी लढावे लागले आणि सुमारे १,२०० जवान कामी आले. या ‘ऑपरेशन पवन’मध्ये प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांनीही भाग घेतला होता. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे किंवा पंजाब व आसाममधील मोहिमा यांच्या यादीत श्रीलंकेचे नाव एका ओळीत येऊन जाते. बाकी सगळ्या मोहिमा एकतर स्वतःच्या भूमीवरच्या किंवा शेजाऱ्याने अंगावर आणलेल्या. श्रीलंकेची मोहीम त्या जातीची नव्हती, म्हणून तिची चर्चा वेगळी व्हायला हवी होती. ती आपल्याकडे फारशी झाली नाही.

उलट उदाहरण २००३ चे आहे. इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवावे असा अमेरिकेचा आग्रह होता. संसदेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला आणि जुलैमध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाअभावी सैन्य पाठवायला नकार दिला. तो प्रश्न नियमित लष्कराचा होता. तरीही परक्या भूमीवर सैनिक धाडण्याआधी देश मोकळेपणाने बोलू शकतो, हे त्यातून दिसले.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियमांतील नियम ३३ नुसार लष्करप्रमुखांना टीएचे सर्व अधिकारी व सैनिक बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ बटालियना लष्कराच्या विविध कमांडमध्ये तैनात करण्यास मंजुरी मिळाली. आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. त्यातले सर्वांत दूरचे ठिकाण अंदमान-निकोबार, म्हणजे देशाच्या हद्दीतच. परदेशाचा त्यात उल्लेख नाही. तरीही त्या आठवड्यात टीएच्या अनेक घरांत ‘कुठे पाठवतील?’ हा एकच प्रश्न होता.

ठाणे-नवी मुंबईच्या संदर्भात

ठाणे आणि नवी मुंबई ही छावणीची शहरे नव्हेत. देवळाली, पुणे किंवा कोल्हापूर इथे लष्कर रोजच्या जगण्याचा भाग आहे. इथला तरुण मात्र टीएच्या भरतीला कसारा घाट ओलांडून देवळालीला किंवा रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला जातो आणि परत येऊन वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे, महापे इथल्या पाळीवर हजर होतो. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागांत सातारा जिल्ह्यातून आलेली माथाडी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावलेले अपशिंगे मिलिटरी हे गाव याच जिल्ह्यातले. वाशीच्या बाजार समितीत पोती वाहणाऱ्या माणसाच्या घरात पणजोबांच्या पदकाची आठवण असू शकते. परदेशातील लढाई ही मराठी माणसाला पुस्तकातून कळलेली गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कूतच्या वेढ्यात एप्रिल १९१६ मध्ये मराठा पलटणींचे जवान उपाशीपोटी शरण गेले आणि त्यांतले कित्येक कैदेत मेले. त्या मोहिमेचा हेतू त्यांना कोणी विचारला नव्हता, सांगितलाही नव्हता.

आज प्रश्न नोकरीपासून सुरू होतो. कायद्याच्या कलम ७-अ नुसार सेवेवरून परतलेल्या सैनिकाला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळले तर प्राधिकारी त्याला परत घेण्याचा आदेश देऊ शकतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई द्यायला लावू शकतो. सरकारी कार्यालय, महापालिका, रेल्वे किंवा तेल कंपनी इथे ही तरतूद कामाला येते, कारण तिथे पद कागदावर असते आणि माणूस परतेपर्यंत टिकते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मात्र ठेकेदाराच्या हजेरीपटावरची माणसे फार आहेत. अकरा महिन्यांचा करार असलेला फिटर दोन वर्षांनी परतला तर ठेकेदार बदललेला असतो, कधी कारखान्याच्या जागी गोदाम उभे असते. परत घ्यायला ‘पूर्वीचा मालक’ सापडत नाही. ऐरोलीच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत जागा टिकली तरी ज्या प्रकल्पावर तो होता तो संपलेला असतो. स्वतःचे गॅरेज किंवा झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्याला तर मालकच नाही, त्याची गिऱ्हाइके कोण राखून ठेवणार? सहा महिन्यांचा पगार ही १९५० च्या दशकातल्या गिरणीला साजेशी भरपाई आहे. घराचा हप्ता वीस वर्षांचा असतो.

दुसरी अडचण एकटेपणाची. नियमित सैनिकाचे कुटुंब छावणीत राहते. शेजारच्या घरातला बापही सीमेवर असतो, दवाखाना, शाळा, कॅन्टीन हाताशी असते आणि वाईट बातमी आली तर दारात उभ्या राहणाऱ्या बायका ते दुःख ओळखून असतात. घोडबंदर रोडच्या सतरा मजली इमारतीत टीएच्या सैनिकाची पत्नी सोसायटीच्या सभेला जाते तेव्हा नवरा ‘बाहेरगावी’ असल्याचे सांगते, कारण समजावून सांगण्याचा तिला कंटाळा आलेला असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, पण तिथे जायचे हे आधी कळावे लागते. नवरा काश्मीरला असताना जे कसेबसे निभावते ते परदेशातल्या लढाईत, महिनोन्‌महिने फोन लागत नसताना निभावेल असे धरून चालणे योग्य नाही.

इतर देशांचा अनुभव

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथल्या १९०३ च्या संरक्षण कायद्याने अर्धवेळ नागरी सैन्याला, म्हणजे मिलिशियाला, देशाच्या भूभागाबाहेर पाठवता येत नसे. परदेशी युद्धासाठी स्वेच्छेने भरती झालेले वेगळे दल होते. त्या दलातले लोक मिलिशियाला ‘चॉकलेटचे सैनिक’ म्हणून हिणवत, उन्हात वितळतील असे. १९४२ मध्ये जपानी सैन्य न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्याच मिलिशियाची ३९ वी बटालियन कोकोडाच्या डोंगरी पायवाटेवर त्याला सामोरी गेली. पापुआ हा तेव्हा ऑस्ट्रेलियाचा प्रदेश असल्याने कायदा मोडला नव्हता. अपुरे प्रशिक्षण, मलेरिया आणि चिखल यांत त्या पोरांनी पाय रोवले आणि टोमणा कायमचा पुसला. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये पंतप्रधान जॉन कर्टिन यांच्या सरकारने कायदा बदलून मिलिशियाची हद्द नैर्ऋत्य पॅसिफिकच्या एका ठराविक पट्ट्यापर्यंत वाढवली. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीविरुद्ध लढलेल्या कर्टिन यांच्यासाठी हा निर्णय सोपा नव्हता. पण तो संसदेत, कायदा दुरुस्त करून आणि नकाशावर रेघ आखून झाला. अर्धवेळ सैनिक लढू शकतो का, याचे उत्तर कोकोडाने दिले. त्याची हद्द कोणी ठरवावी, याचे उत्तर १९४३ च्या कायद्याने.

ब्रिटनमध्ये वचन हळूहळू सरकत गेले. १९०८ मध्ये उभा राहिलेला टेरिटोरियल फोर्स मायभूमीच्या रक्षणासाठी होता. १९१४ मध्ये त्यातील लोकांना परदेशी सेवेसाठी स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन झाले, आणि १९१६ च्या सक्तीच्या कायद्याने स्वेच्छाच संपली. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणींबरोबर हॅम्पशायर रेजिमेंटच्या टेरिटोरियल बटालियनची एक तुकडीही अडकली होती. आज ब्रिटनमध्ये १९९६ चा राखीव दल कायदा आहे. बोलावण्याच्या कारणानुसार त्यात सेवेच्या वेगवेगळ्या कमाल मुदती आहेत, आणि सैनिक तसेच त्याचा मालक दोघेही सूट किंवा हजर होण्याची तारीख पुढे ढकलून मागू शकतात.

अमेरिकेत नॅशनल गार्ड, म्हणजे अर्धवेळ सैनिकांचा राखीव फौजफाटा, एकाच वेळी राज्याचा आणि संघराज्याचा असतो. मिनेसोटाचे राज्यपाल रुडी पर्पिच यांनी आपल्या गार्डला मध्य अमेरिकेत प्रशिक्षणासाठी पाठवण्यास हरकत घेतली होती. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल त्यांच्या विरोधात दिला. व्हिएतनामच्या युद्धात राखीव दले फारशी बोलावली गेली नव्हती, त्यानंतर मात्र लष्कराची रचनाच अशी झाली की त्यांच्याशिवाय मोठे युद्ध लढता येऊ नये. २००५ मध्ये इराकमधील लढाऊ ब्रिगेडांपैकी जवळजवळ निम्म्या नॅशनल गार्डच्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये जॉर्डनमधील तळावर ड्रोन हल्ल्यात मारले गेलेले तिन्ही अमेरिकी सैनिक जॉर्जिया राज्यातील राखीव दलाचे होते. काँग्रेसने युद्ध जाहीर केल्याशिवाय गार्डला परदेशी लढाईत धाडू नये, अशी विधेयके तिथल्या काही राज्यांत मांडली गेली आहेत. युक्रेनमध्ये हद्दीचा प्रश्न देशातल्या देशातच उभा राहिला. आपापल्या प्रांताच्या रक्षणासाठी भरती झालेल्यांना मे २०२२ मधील दुरुस्तीनंतर दूरच्या आघाडीवर पाठवता येऊ लागले.

मतभेदाचे मुद्दे

पाठवण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद कौशल्याचा आहे. शल्यविशारद, बंदराचा अभियंता, तेलवाहिनीचा तंत्रज्ञ, ड्रोनची आज्ञावली लिहिणारा, अशी माणसे लष्कराला कायम पदरी बाळगणे परवडत नाही आणि मोहिमेत त्यांच्यावाचून चालत नाही. दुसरा युक्तिवाद लोकशाहीचा आहे. शेजारच्या फ्लॅटमधला माणूस युद्धावर गेला की युद्धाचा खर्च सगळ्या शहराला कळतो आणि सरकारला उत्तर द्यावे लागते. हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण अमेरिकेत राखीव सैनिक वर्षानुवर्षे जात राहिले आणि इराकचे युद्ध त्यामुळे थांबले नाही.

विरोधातला ‘प्रशिक्षण अपुरे’ हा नेहमीचा आक्षेप आहे. त्यावर पूर्वतयारीचे काही महिने हा उपाय निघू शकतो. जखमी झाल्यावर काय, हा आक्षेप अधिक खोल जातो. २५ वर्षे पायदळात काढून पर्यावरण बटालियनमध्ये आलेल्या पाणी राम या सैनिकाचा पाय अपघातानंतर कापावा लागला, आणि तरीही त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मंजूर केले. देशातल्या देशात, शांततेच्या काळात झालेल्या जखमेसाठी सैनिकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागत असेल, तर परक्या मुलुखातील लढाईआधी हे हक्क कायद्याच्या शब्दांत पक्के झाले पाहिजेत. परदेशी सेवेची तयारी भरतीच्या वेळी वेगळ्या सहीने विचारावी, आदेश ठराविक दिवसांत संसदेपुढे ठेवावा, सलग सेवेची कमाल मुदत महिन्यांत लिहावी, आणि कंत्राटी व स्वयंरोजगारी सैनिकाचे बुडालेले उत्पन्न सरकारने भरून द्यावे, एवढी दुरुस्ती कलम ७ आणि ७-अ मध्ये करता येण्यासारखी आहे.