४२, ३६, ४६ आणि मग ९३

नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ धावांचा पाठलाग करताना भारताचा डाव ९३ धावांत आटोपला आणि जुन्या पडझडींची उजळणी सुरू झाली. ४२, ३६, ४६ हे आकडे क्रिकेटवेड्यांना पाढ्यांसारखे पाठ असतात. पण ९३चे कूळ वेगळे आहे, ते फिरकीचे.

जुनी भीती वेगाची होती. १९५२ साली इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि फलकावर धाव लागायच्या आत चार गडी परतले. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघांनाही भोपळा. त्यातले तिघे पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनचे बळी. याच मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ धावा काढल्या होत्या! हजारे आणि फडकर यांनी अर्धशतके करून थोडी लाज राखली खरी, पण त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डला ५८ आणि ८२ असे दोन्ही डाव एकाच दिवसात गुंडाळले गेले. खऱ्या वेगाची सवय नसलेल्या फलंदाजांचे पाय क्रीझमध्येच खिळत. (मंत्री म्हणजे सुनील गावसकरांचे मामा. भाच्याने पुढे वेगवान माऱ्याचा काय समाचार घेतला, ते सांगायला नको.)

१९७४चे लॉर्ड्स आणि २०२०चे अ‍ॅडलेड मात्र मला अपघातच वाटतात. लॉर्ड्सवर अरनॉल्ड आणि ओल्ड यांनी १७ षटकांत ४२ धावांवर खेळ संपवला, पण त्याच सामन्यात भारताने पहिल्या डावात ३०२ केल्या होत्या. अ‍ॅडलेडला ३६ धावांच्या डावात एकालाही दुहेरी आकडा गाठता आला नाही, हेझलवूडने ८ धावांत ५ बळी घेतले. आणि पुढची मेलबर्न कसोटी भारताने जिंकली, शेवटी मालिकाही खिशात घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूला ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि न्यूझीलंडविरुद्ध ४६ धावांत दाणादाण उडाली, पण दुसऱ्या डावात ४६२ झाल्याच.

दुखणे दिसले ते त्यानंतर पुण्यात. तिथे ढगांची सबब नव्हती. डावखुरा फिरकीपटू मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि पहिला डाव १५६ वर आटोपला. मग वानखेडेवर १४७ धावांचे लक्ष्य असताना १२१ वर सगळे बाद. २०१२ नंतर सलग १८ मायदेशी मालिका जिंकणारा संघ ०-३ असा हरला, आणि त्यातले शेवटचे दोन सामने फिरकीपुढे. खरे तर पुण्याच्या याच गहुंजे मैदानाने २०१७ मध्ये इशारा दिला होता. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, भारत १०५ आणि १०७. पुढे मालिका जिंकली, त्यामुळे ते विसरले गेले.

कारणांत पहिला दोष मी आखाडा खेळपट्ट्यांना देईन. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळू लागला, की अश्विन-जडेजा आणि समोरचा साधारण फिरकीपटू यांच्यातले अंतर मिटते. दुसरे, डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय तंत्रज्ञानाने पुन्हा तपासण्याची सोय. भारताने २०१६ मध्ये ते स्वीकारले. पूर्वी पाय पुढे टाकून चेंडू पॅडवर घेतला की पंच बहुधा नाबाद देत. आता तोच फलंदाज पायचीत होतो. शिवाय झटपट क्रिकेटमुळे हात कडक झाले आहेत, मऊ हातांनी चेंडू जागच्या जागी मारून टाकणे फारसे दिसत नाही. स्थानिक क्रिकेटचे म्हणाल, तर विराट कोहली जानेवारी २०२५ मध्ये रणजी सामना खेळला तो २०१२ नंतर पहिल्यांदाच.

वळणाऱ्या खेळपट्टीवर कसे उभे राहायचे, हे १९८७ मध्ये बेंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध गावसकरांनी दाखवले होते: शेवटच्या कसोटी डावात ९६. सामना १६ धावांनी गेला, पण त्या डावाचा विषय अजून निघतो.

ईडनवर जखमी शुभमन गिल दुसऱ्या डावात फलंदाजीला उतरू शकला नाही, हे मान्य. पण त्या संपूर्ण सामन्यात अर्धशतक झाले एकच, नाबाद ५५. ते टेम्बा बवुमाचे होते.